खाटेखालचा डबा

स्पीकरमधून पुन्हा तोच आवाज आला. धप्प. जड, घुसमटलेला, कुणी गादीवर बुक्की मारावी तसा.

सुश्रुतने गिटार बाजूला ठेवली आणि कपाळाला हात लावला. जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता. तो बिचारा गुणी बाळासारखा वाजत होता. पण याला दुर्बुद्धी सुचली आणि हा त्यात रिव्हर्ब घालायला बसला. रिव्हर्ब म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसा घुमारा. त्यासाठी आत स्प्रिंगा ताणलेला एक पत्र्याचा डबा लागतो, आणि त्याला जरासा धक्का लागला तरी तो स्पीकरमधून ऐकू येतो. हा डबा ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ असला की गुणगुणतो, म्हणून लांब नेत नेत शेवटी त्याने तो शेजारच्या खोलीत, बाबांच्या लोखंडी खाटेच्या खालच्या पट्टीला बांधला. गुणगुण थांबली आणि हे धप्प सुरू झालं.

"ट्रक जात असतील रे हायवेवरून," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "काढ ना तो डबा तिथून. झोपमोड होते त्यांची."

"त्यांना कुठे काय कळतंय, आई."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

बाबांनी, म्हणजे नृसिंह मास्तरांनी, अर्ध्या सुपे गावाला गणित शिकवलं होतं. अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग नेलं, वाचा नेली. डावा हात तेवढा अधूनमधून हलायचा, तोही उगाचच. ओरबाडून घेतात म्हणून आई रोज सकाळी त्याला मऊ फडकं गुंडाळायची आणि वरून पट्टी बांधायची. बोटं सुजतात म्हणून अंगठीही तिने काढून ठेवली होती. डॉक्टर काही विचारायला लागले की उत्तरं तीच द्यायची, कारण सदानकदा जवळ तीच असायची. काही खूण करतात का? नाही हो, काहीच नाही.

घराचा कोंडवाडा झाला होता. सुश्रुत पुण्यातला बँड सोडून इथल्या कारखान्यात चिकटला होता. आई उंबऱ्याबाहेर पडायची ती फक्त गिरणीत जायला. नेवाशाला बहिणीकडे जाऊन राहायचं तिच्या फार मनात होतं. अखेर नगरजवळच्या एका सेवाश्रमात मास्तरांसाठी जागा मिळाली. उद्या त्यांना न्यायला गाडी येणार होती.

"त्यांना जरा जरी कळत असतं ना, तर मी त्यांना कध्धी पाठवलं नसतं," तो आईला सारखं सांगायचा.

"माहीत आहे रे मला," आई म्हणायची.

दुपारी गाडीवाल्या छगनचा फोन आला. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी होता.

"दादा, सकाळीच येतो बगा. मास्तरांना लई जपून नेऊ. काय दरारा हुता त्यांचा! टेबलावर अंगठी वाजली की समदा वर्ग गप."

सुश्रुतला हसू आलं. घरी तरी काय वेगळं होतं? उजव्या हातात खडू, म्हणून अंगठी डाव्यात. बायकोला नावाने हाक मारायची नाही, ही मास्तरांची जुनी रीत. चहा हवा, पाणी हवं, चष्मा सापडेना, की खाटेच्या कठड्यावर अंगठी वाजायची. टक टक... टक. दोन झटपट, एक रेंगाळत. आई हातातलं काम टाकून धावायची. लग्न झाल्यापासून ती त्याच आवाजावर उठत आणि बसत आली होती.

आई दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेली तेव्हा सुश्रुतने मास्तरांना पुसून काढायचं ठरवलं. उद्या चार लोकांत जायचं, तर जरा नीटनेटके दिसू देत. त्याने हाताची पट्टी सोडली, फडकं काढलं. ओरखडा कुठेच नव्हता. नखंही आईने अगदी मुळापर्यंत कापलेली होती. किती करते ही, असं वाटून त्याला भरून आलं. तिच्या डबीतली अंगठी शोधून त्याने बाबांच्या बोटात घातली, हात कठड्यावर ठेवला आणि तो पुन्हा ॲम्प्लिफायरकडे वळला.

आता एकच काम उरलं होतं. मागच्या बाजूला त्याने दोन सॉकेट बसवली होती. एकातून आवाज बाहेर जायचा, दुसऱ्यातून परत आत यायचा. मधे त्याने पायाने दाबायचा प्रतिध्वनीचा पेडल जोडला होता. त्याने बटण दाबलं मात्र, स्पीकरमधून घणघणाट सुरू झाला. आवाजावर आवाज चढत गेला. या खेपेला धप्प नव्हतं, चक्क लोखंड वाजत होतं.

पेडलच बिघडलेला दिसतोय, असं म्हणत त्याने तो उपटला आणि दोन्ही सॉकेटांच्या मधे साधी वायर जोडली. प्रतिध्वनी गेला. क्षणभर सगळं शांत झालं.

मग स्पीकर स्वच्छ बोलला.

टक टक... टक.

सुश्रुत ताडकन उठला. तो दारात जाऊन उभा राहिला. मास्तर त्याच्याचकडे बघत होते.

"बाबा," तो दारातूनच म्हणाला. "ऐकू येत असेल, तर... एकदाच वाजवा."

टक.

त्याने खाटेपाशी बसकण मारली आणि तो हात कपाळाला लावून लहान मुलासारखा रडला. बापरे, आणि उद्या आपण यांना पाठवून देणार होतो! मग त्याने छगनला फोन लावून उद्याची गाडी नको म्हणून सांगून टाकलं.

फोन ठेवतोय तोच आई आली. पिठाचा डबा कमरेवरच होता.

"आई, बाबांना कळतंय! अगं, सगळं कळतंय त्यांना! ऐक, ऐक तू!"

स्पीकर वाजला. टक टक... टक.

आई धावली नाही. तिने स्पीकरकडे पाहिलं नाही, मास्तरांच्या तोंडाकडेही पाहिलं नाही. ती कठड्यावरच्या त्या उघड्या हाताकडे बघत राहिली.

"फडकं कुणी सोडलं?" तिने विचारलं.