मागचा माणूस

जर्व्हेज नावाचं वादळ आलं त्या वर्षी पोर्ट लुईच्या बाजारात कुणीतरी गळ्यातली साखळी ओढून नेली, तेव्हापासून विमला बाहेर पडली की चहूकडे लक्ष ठेवून असायची. आज कामावरून त्रियोले गावी परतताना बसमध्ये एक अनोळखी माणूस सारखा तिच्याकडेच पाहत होता. ती मुद्दाम एक थांबा आधी उतरली, तर तोही उतरला. ती तडक ओळखीच्या नंदलालचाचांच्या दुकानात शिरली.

"चाचा, हा माणूस माझ्या मागे लागलाय!"

चाचा काठी घेऊन पुढे झाले. त्या माणसानं टोपी काढली.

"वहिनी, मी तुमच्या गजेंद्रबरोबर कारखान्यात असतो. तुमच्या कामावर सांगायला आलो होतो, पण धीर झाला नाही. सकाळी त्याच्या छातीत कळ आली... गजेंद्र गेला, वहिनी."



विमला चाचांकडे वळून म्हणाली, "काठी ठेवा, चाचा. आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही."