बिननावाचं बुबुळ

"पण ते बुबुळ होतं कुणाचं?" कुंदाताईंनी पुन्हा विचारलं.

"आजी, देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत," अवयवदान केंद्रातली मुलगी पुन्हा म्हणाली.

कुंदाताईंच्या घरात चमच्यापासून पिंपापर्यंत सगळ्या भांड्यांवर नाव घातलेलं. शेजारी गेलेली वाटी त्या नाव दाखवून परत आणत, आणि शेजारून आलेली दुसऱ्याच दिवशी पोचवत. नाव नसलेली वस्तू घरात एकच होती: नवऱ्याच्या, म्हणजे अण्णांच्या, डाव्या डोळ्यात बसवलेलं बुबुळ. दिवाळीपासून अण्णा त्या डोळ्यानं पेपर वाचत होते, आणि दुसऱ्याची वस्तू घरात राहिली म्हणून कुंदाताईंना चैन पडेना.

"मग मी गेल्यावर माझे डोळे घ्या," त्या म्हणाल्या. "शिवाय किडन्या, लिव्हर, कातडी, चालेल ते."

अण्णा दचकले. "अगं, आपण एकच तर बुबुळ आणलंय!"

"शेजारची वाटी मी कधी रिकामी परत केलीय?"

अण्णांनी बराच वेळ चष्मा पुसला. "माझंही लिहून घ्या," ते मुलीला म्हणाले. "फक्त डाव्या डोळ्यावर माझं नाव घालू नका."