अरुंद पेटी

"मतपेटी अरुंद कर. चिठ्ठी जेमतेम मावेल एवढीच," विणकर संस्थेच्या अध्यक्षांनी मला घरी बोलावून सांगितलं.

"मग चिठ्ठ्या पडतील त्याच क्रमाने एकावर एक बसतील. सह्यांची यादी शेजारी धरली, की कोणी कोणाला मत दिलं ते कळेल," मी म्हटलं.

"तू सुतार आहेस. अक्कल मागितलीय का तुझ्याकडे?"

हातमागावर बसलेल्या त्यांच्या बायकोचा हात तेवढा थांबला.

पेटी केली, पण तोंड बंद ठेवलं नाही. सगळ्या सभासदांना सांगितलं. वाटलं, चिडतील. चिडतात कसले, घाबरले. माना खाली घालून एकेक जण चिठ्ठी टाकून गेला.

मोजणीआधी अध्यक्षांनी दाराला कडी लावली आणि माझ्याकडून पेटी उघडून घेतली. एकेक चिठ्ठी यादीशी ताडत गेले. तोवरची सगळी मतं त्यांनाच.

"बघितलंस? कोणाची हिंमत नाही."

शेवटून तिसऱ्या चिठ्ठीवर मात्र त्यांचा चेहरा उतरला. यादीतल्या नावावरचं बोट त्यांना उचलता येईना.

कडी वाजली. बाहेरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "सापडली का माझी चिठ्ठी?"