भिंतीपलीकडे ऐकू येईल असा

लेकीच्या गिटारचा आवाज मोठा करणारा छोटा अ‍ॅम्प घ्यायला आलेल्या बापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "व्हॉल्व्हचाच हवाय," एवढं मात्र त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले की गिटारच्या आवाजाला ऊब येते, असं लेक नेहमी म्हणायची.

दुकानदाराने मन लावून दोन अ‍ॅम्प समोर मांडले. "घरीच वाजवणार ना? मग डोळे झाकून हा घ्या, काका. याला हेडफोन लावता येतो. दिवसभर वाजवू दे, घरात कुणाला पत्ता लागणार नाही."

बापाने त्या अ‍ॅम्पवरचा हात काढून घेतला. "हा नको. तो दुसरा?"

"त्याला हेडफोनची सोयच नाही. आणि कमी आवाजात तो खुलतही नाही. शेजारी भांडायला येतील."

"येऊ देत. तोच बांधा."

"अहो, तुमच्याही डोक्याला ताप होईल. लोक तर आवाज बाहेर जाणार नाही असाच मागतात."

बापाने दुसरा अ‍ॅम्प आपल्याकडे ओढून घेतला.

"मागच्या महिन्यात ती खोलीचं दार लावून बसली होती," तो म्हणाला. "आतून काहीच ऐकू येत नव्हतं. हेडफोन लावून वाजवत असेल, म्हणून मी आणि तिची आई निवांत टीव्ही बघत बसलो. आणि आत ती जीव द्यायला निघाली होती. दार तोडलं म्हणून वाचली. उद्या दवाखान्यातून घरी येतेय."