सम्राटाच्या कपाळातली भोकं

नगराध्यक्ष दाभाडकरांनी संग्रहालयातल्या काचेला नाक लावलं. आत दीड हजार वर्षांपूर्वी व्यापारातून इकडे आलेलं, बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन सम्राटाचं सोन्याचं नाणं होतं. सम्राटाच्या हातात अख्ख्या पृथ्वीचा गोळा, आणि कपाळात दोन भोकं!

"आपल्याकडच्या कुणा बाईनं दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं असणार," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "सम्राट कोण का असेना, सोनं खरं होतं."

दाभाडकर खदाखदा हसले. आपल्या पन्नाशीला त्यांनी स्वतःचा चेहरा कोरलेली चांदीची नाणी घरोघर वाटली होती. चहा घेऊन आलेल्या मावशींना ते म्हणाले, "आमचं नाणं देव्हाऱ्यात ठेवलंय ना? भोक नाही ना पाडलं?"

"भोक कशाला पाडू, साहेब?" मावशींनी साडी बोटभर उचलून पाय पुढे केला. "आटवून जोडवी केली. चांदी मात्र खरी निघाली हो!"