मुदतवाढे आणि अकरा नंबरची जागा

“ही तारीख माझ्या निवृत्तीनंतरची आहे ना?” साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं.

“आहे साहेब. एका दिवसानं का होईना, पण नंतरचीच आहे,” हेडक्लार्क म्हणाले.

साहेबांना एवढंच हवं होतं. बाकी काही न वाचता त्यांनी सही ठोकली आणि निरोपाच्या भाषणाचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला. निरोप समारंभाला अजून अडीच महिने होते.

लष्कराच्या जमीन-पाणी सफाई कार्यालयातला हा जुना रिवाज. लष्करानं वर्षानुवर्षं तेल, रसायनं आणि दारूगोळ्याचा कचरा जमिनीत मुरवलेल्या सतरा जागा तक्त्यात होत्या. प्रत्येकीपुढे सफाई पूर्ण करायची तारीख होती. ती जवळ आली की तक्ता ‘अद्ययावत’ व्हायचा, म्हणजे तारीख पुढे ढकलली जायची. किती पुढे, हे माती किंवा पाणी तपासून ठरत नसे. सही करणारे साहेब निवृत्त कधी होणार, त्यावर ठरे. आपण खुर्चीत असेपर्यंत कुणी जाब विचारू नये, एवढीच त्या बापड्यांची अपेक्षा. बावीस वर्षांत एकाही जागेवर कुदळ पडली नव्हती आणि एकही मुदत चुकली नव्हती. हेडक्लार्क डोळ्यांत तेल घालून प्रत्येक तारीख उलटायच्या आत वाढवून घ्यायचे. ऑफिसात त्यांना सगळे ‘मुदतवाढे’ म्हणत, आणि आता तेही त्या हाकेला ओ देत.

अकरा नंबरची जागा म्हणजे जुना इंधन डेपो. त्याच्या खालच्या उतारावर मुदतवाढ्यांच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, घर होतं आणि अंगणात विहीर. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग असायचा. पोहरा वर आला की रॉकेलचा भपकारा यायचा. सफाई होईपर्यंत म्हणून लष्कराचा टँकर सोमवारी आणि गुरुवारी येई. ताई चार पिंपं भरून घ्यायची आणि पुरवून पुरवून वापरायची. भांडी विसळलेलं पाणी झाडांना, आणि तेही ठरावीक झाडांना. भाऊ आला की चहा टाकायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला.

“तारीख कधीची लागली रे?”

मागच्या खेपेची तारीख ऐकून ती हसली होती. म्हणाली होती, “म्हणजे मी गेल्यावर माझ्या विहिरीचं पाणी गोड होणार म्हण.” मुदतवाढ्यांना तो चहा गेला नव्हता.

म्हणून यंदा त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. अकरा नंबरची मुदत संपत आली होती. साहेब एकतीस मार्चला निवृत्त होणार होते. म्हणजे एक एप्रिल ही तारीखसुद्धा रिवाजात चपखल बसत होती. तारीख अंगावर आली की वरच्यांची झोप उडेल आणि यंत्रं धावत येतील, असा त्यांचा होरा होता. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना आपल्या कामाचा अभिमान वाटला.

“एक एप्रिल? चेष्टा तर करत नाहीस ना?” ताईनं विचारलं.

“नाही गं. साहेब मार्चअखेर जातायत, म्हणून जमलं. तरुण असते तर वीस-पंचवीस वर्षं विसरायचं होतं.”

ताईनं रहाटाला तेल दिलं, नवा दोर आणला आणि पोहरा घासून लख्ख केला.

एप्रिल उजाडला. यंत्र आलं नाही. आलं ते अभिनंदनाचं पत्र. तारीख उलटली तर काय होतं, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मुदतवाढ्यांनी ती आजवर कधी उलटू दिलीच नव्हती; यंदा मात्र त्यांनी मुद्दाम वाढ मागितली नव्हती. होतं ते असं, की मुदत वाढवून मागितली नाही, तर कॉम्प्युटर त्या जागेला सरळ ‘काम पूर्ण’ या यादीत टाकतो. बावीस वर्षांत सफाई पूर्ण झालेली ही पहिलीच जागा. वरचे लोक हरखून गेले. नवे साहेब स्वतः पुष्पगुच्छ घेऊन टेबलापाशी आले आणि म्हणाले, “अहो, एवढं मोठं काम केलंत आणि बोलला नाहीत?”

पत्राची एक प्रत टँकर विभागालाही गेली होती. त्या विभागानं आजवर कुठलंच काम वेळेत केलं नव्हतं. टँकर बंद करायचं हे काम मात्र त्याच दिवशी केलं.

गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून मुदतवाढे उतारावरच्या घरी पोचले. चारही पिंपं अंगणात पालथी होती. ताई पायरीवर बसली होती. तिनं चहाचं विचारलं नाही.

“माझंच चुकलं, ताई,” ते म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. “उद्याच जागेची नव्यानं नोंद करतो. नवी मुदत टाकली, नव्या साहेबांची सही झाली, की टँकर सुरू होईल.”

“किती दिवस?”

“मुदत संपेपर्यंत.”

ताई उठली. रहाटावरचा नवा दोर तिनं सोडवला, त्याचं नीट वेटोळं केलं आणि खुंटीला अडकवून ठेवलं. मग भावाजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, “नवे साहेब चांगले तरुण आहेत ना रे?”