सरळ रेघेवरचे सात सेकंद

"पाच सेकंदांत पोचलीस. सात हवेत," परीक्षकाने हातातलं घड्याळ दाखवलं. "अगं पोरी, एवढी घाई कसली? कोण पळून चाललंय?"

कुंपणाशी रांगेत उभे असलेले सगळे हसले. शूहानही हसली, पण स्कूटर वळवताना तिचे कान लाल झाले होते.

हा नुसता सराव होता, खरी परीक्षा अजून व्हायची होती. पिंगतुंग शहरात स्कूटरचं लायसन काढायचं तर दोन पांढऱ्या रेघांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरून सरळ जायचं असतं, पाय न टेकता आणि सात सेकंदांपेक्षा लवकर न पोचता. जोरात तर कोणीही हाकतं. हळू चालवली की गाडी डुलायला लागते आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते. शूहान तीनदा परीक्षेला बसली होती आणि तिन्ही वेळा लवकर पोचली होती.

पट्टीच्या टोकाला बोवेई उभा होता, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात तिच्यासाठी आणलेली सोयादुधाची पिशवी. स्कूटर त्याचीच, शिकवणाराही तोच. चाकाकडे बघायचं नाही, लांब बघायचं, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. आणि लांब बघायला काहीतरी हवं म्हणून दर वेळी स्वतःच टोकाला जाऊन उभा राहायचा.

"तू आधी इथून हल," शूहान त्याच्यापाशी गाडी थांबवून म्हणाली.

"का? मी काय केलं?"

"तुझा चेहरा दिसला की माझी मूठ आपोआप पिळली जाते."

"मी तर हसत होतो!"

"हसत होतास? आरशात बघ जाऊन. बसस्टँडवर हरवलेल्या पोरासारखं तोंड केलेलंस. मग मला धावत यावंसं वाटतं. काय करू?"

ते खरंच होतं. कॉलेजपासून तिला सगळीकडे सोडायचा आणि आणायचा तोच. आईच्या न्याहारीच्या दुकानात तव्यावर अंड्याची पोळी अर्धी भाजलेली असली, तरी तिचा फोन आला की हा निघालाच. शूहानला ते आवडायचं. इतकं आवडायचं, की दोन चांगल्या नोकऱ्या तिने नाकारल्या, त्याच्या रस्त्यावर नव्हत्या म्हणून. आता डोंगराकडच्या ऑर्किडच्या रोपवाटिकेतून बोलावणं आलं होतं. सोमवारी पहाटे हजर व्हायचं, आणि तिकडे बस जात नव्हती. आज नापास झाली तर ती जागा दुसऱ्या कुणाची.

"मी सोडेन की रोज," तो हळूच म्हणाला.

"पहाटे? ऐन गर्दीच्या वेळी? आणि तवा कोण बघणार, तुझी आई एकटी?"

"बघेल."

शूहानने गाडी बंद केली. "बोवेई, खरं सांग. मी पास व्हावं असं वाटतंय का तुला?"

त्याने पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली.

"वाटतंय," तो म्हणाला. "पण तुझी तू जायला लागलीस, की माझं काय काम?"

"वेडाच आहेस. मला काय तू टॅक्सी म्हणून आवडलास?"

"सुरुवातीला तर तसंच होतं."

तिने त्याच्या दंडावर चापट मारली. डोळे मात्र तिचे भरून आले होते. आपल्याला त्याची गरज उरली नाही तर आपण त्याला नकोशा होऊ, ही भीती तिलाही होतीच. तिने ती आजवर बोलून दाखवली नव्हती, एवढंच.

भोंग्यावरून तिचा नंबर पुकारला गेला. ती पट्टीच्या सुरुवातीला गेली. बोवेई सवयीने टोकावरच उभा राहिला, मग त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, तो वळला आणि तडक शेडच्या मागे गेला. तिथे शीतपेयांचं यंत्र होतं. त्याच्याकडे तोंड करून तो उभा राहिला.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग तो बारीक होत गेला. चाक रेघेला शिवलं की घंटी वाजते. आता वाजेल, मग वाजेल, असं करत तो यंत्रातल्या डब्यांकडे टक लावून बघत राहिला. घंटी वाजली नाही. थोड्या वेळाने टाळ्या ऐकू आल्या, तरी त्याने मान वळवली नाही.

शूहान हातात लायसन घेऊन त्याला शोधत आली.

"इथे काय करतोयस?"

"बघत नाहीये."

"पास झाले मी." ती त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. "टोकाला तू नव्हतास ना, तर मागे डोंगर दिसला. तिथे डोंगर आहे हेच मला माहीत नव्हतं रे."

"आहे की. चांगला मोठा आहे."

"तू आडवा येत होतास."

दोघंही खूप हसली. सोयादूध त्यांनी एकाच नळीने प्यायलं.

परतताना शूहान पुढे बसली. मागच्या सीटवर कसं बसायचं हे बोवेईला ठाऊकच नव्हतं. त्याने तिच्या कमरेला अशी मिठी घातली की तिला श्वास घेता येईना.

"अरे, सैल धर ना! पडत नाहीयेस."

त्याने एक हात सोडला. मग दुसरा. दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून तो ओठांतल्या ओठांत मोजायला लागला.

"काय पुटपुटतोयस?"

"काही नाही. तू लांब बघ."

तो सहापर्यंत आला आणि गाडी खड्ड्यात आदळली. त्याचे हात झटकन तिच्या कमरेकडे गेले, वाटेतच थांबले आणि परत गुडघ्यांवर आले. त्याने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.